तळ्याचं पाणी दर वर्षी हिरवं का होतं, आणि उपसून ते का थांबत नाही

अंगणात छोटं तळं केलेल्या बहुतेक घरांत ही तक्रार असते. पाणी भरलं, लिली लावली, मासे सोडले, आणि पंधरा-वीस दिवसांत पाणी पालक उकडलेल्या पाण्यासारखं हिरवं झालं. मग उपसायचं, घासायचं, नवं पाणी भरायचं. आठ दिवस तळ दिसतो, नवव्या दिवसापासून पुन्हा तेच. आमच्याकडे हे चार वर्षं चाललं. पाचव्या वर्षी थांबलं, ते सगळं पाणी उपसून बदलणं बंद केल्यावर.

आमचं घर साताऱ्याच्या बाहेर, उसाच्या पट्ट्याला लागून आहे. 2019 मध्ये परसात तळं खोदलं: सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल. तळाला शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, कडेने दगड. पाणी किती मावतं याचा हिशोब आधी करून ठेवा, तो पुढे सारखा लागतो. लांबी, रुंदी आणि खोली फुटांत गुणायची, आलेल्या आकड्याला 28.3 ने गुणायचं, म्हणजे लिटर मिळतात. आमचे 48 घनफूट, म्हणजे 1,360 लिटरच्या आसपास.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण ती कळायला मला चार वर्षं लागली. हिरवं पाणी घाण झालेलं नसतं. त्याला खायला मिळालेलं असतं. पाण्यात तरंगणारं एकपेशीय शैवाल उन्हावर आणि पाण्यात विरघळलेल्या नायट्रेट-फॉस्फेटवर वाढतं. आपण पाणी उपसतो तेव्हा शैवाल जातं, पण त्याचं खाणं जिथून येतं ती वाट तशीच उघडी राहते. म्हणून ते परत येतं.

आधी हिरवं म्हणजे नक्की कोणतं ते बघा

काचेच्या पेल्यात तळ्याचं पाणी घ्या आणि पांढऱ्या भिंतीसमोर धरा. पाणीच हिरवट दिसत असेल आणि पांढऱ्या रुमालातून गाळल्यावरही हिरवटच राहत असेल, तर ते एकपेशीय शैवाल. ते इतकं बारीक असतं की कापडातून आरपार जातं. ही टिपणं मुख्यतः त्याच्याविषयी आहेत.

पेल्यातलं पाणी स्वच्छ आहे, पण तळ्याच्या भिंतींना आणि लिलीच्या देठांना केसासारखे हिरवे दोरे लटकलेत, तर ते दोऱ्याचं शेवाळ. त्याला औषध लागत नाही. एक खरखरीत काठी घ्या, शेवया गुंडाळाव्यात तसं ते काठीला गुंडाळून बाहेर काढा आणि झाडांच्या बुडाशी टाका. भिंतीला चिकटलेला आखूड, मऊ हिरवा थर मात्र मुळीच घासू नका. का ते पुढे येईल.

पाणी चहासारखं तपकिरी असेल तर पानं कुजताहेत. मातकट असेल तर कुठून तरी माती येतेय, किंवा मासे कुंडीतली माती उकरताहेत. गोल्डफिशला ही सवय असतेच.

बशीची चाचणी

पाणी सुधारतंय की बिघडतंय हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. रोज बघून बघून डोळे सरावतात आणि फरक लक्षातच येत नाही. आमच्याकडे जुन्या कपबशांतली एक सुटी बशी होती, पांढरी, काठाला निळी नक्षी. तिला सुतळी आडवी-उभी बांधली, सुतळीला दर पाच सेंटिमीटरवर गाठ मारली. दर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती बशी सपाट धरून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. जेवढी खोली, तेवढा आकडा स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या नोंदीशेजारी. बशी जितकी खोलवर दिसते, तितकं पाणी नितळ.

पहिल्या रविवारी बशी बारा सेंटिमीटरवर गेली. एकाच ठिकाणी, एकाच वेळी मोजा, नाहीतर उन्हाच्या तिरपेपणाने आकडा फसवतो.

या आकड्यांनी जे दाखवलं ते एरवी मला कधीच दिसलं नसतं. वर्षभराची दिनदर्शिका उलटून पाहिली तेव्हा बशी झपाट्याने वर आलेले तीन काळ सापडले. होळीनंतरचे तीन आठवडे. पहिल्या मोठ्या पावसानंतरचे दहा दिवस. आणि गणपती गेल्यावरचा पंधरवडा. एरवी पाणी जेमतेम बरं असायचं. म्हणजे तळं वर्षभर बिघडलेलं नव्हतं, वर्षातून तीनदा त्याला कोणीतरी खायला वाढत होतं. तुमच्या तारखा वेगळ्या असतील, पण त्या काढाच. कारण शोधायचा यापेक्षा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

होळीनंतर: कडुलिंब

तळ्यापासून पंधरा फुटांवर आमचा कडुलिंब आहे. फाल्गुनात त्याची पानं झडतात आणि चैत्रात मोहोर गळतो. पानं मी वरचेवर काढायचे, त्यामुळे हे कारण असेल असं वाटलंच नव्हतं. पण मोहोर इतका बारीक असतो की जाळीच्या पळीत येत नाही, आणि भिजला की दोन दिवसांत तळाला बसतो. एकदा हात घालून तळाचा गाळ वर काढला तर काळ्या लगद्यात तीच बारीक फुलं आणि पानांच्या शिरा. त्या लगद्यातून सगळं फॉस्फेट हळूहळू पाण्यात उतरत होतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत ऊन चढत होतं.

यावर उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे. शिवरात्रीच्या सुमाराला तळ्यावर हिरवी शेडनेट ताणायची, ती पाडव्यानंतर मोहोर संपेपर्यंत ठेवायची. नेट पाण्याला टेकू देऊ नका, कडेला चार बांबू रोवून मध्ये उंचवटा द्या, नाहीतर नेटवर साचलेली पानं पाण्यात भिजून त्यांचा काढा तळ्यातच उतरतो. पन्नास टक्के सावलीची नेट घेतली तर उन्हालाही आळा बसतो. फक्त लिलीला रोज पाच-सहा तास ऊन हवं असतं, म्हणून नेट मोहोर संपला की काढून ठेवा.

एप्रिल-मे: बाष्पीभवन

त्या तीन काळांत न बसणारं हे कारण मला सगळ्यात उशिरा कळलं आणि माझ्या मते सगळ्यात कमी लोकांना ठाऊक आहे. एप्रिलमध्ये आमच्या तळ्याची पातळी रोज साधारण आठ मिलिमीटर उतरते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 24 चौरस फुटांवर ते रोज अठरा लिटर होतात, म्हणजे सव्वा बादली. दोन महिन्यांत हजार लिटरच्या वर. जवळजवळ अख्ख्या तळ्याएवढं पाणी आपण वरून भरतो.

उडून जातं ते नुसतं पाणी. त्यातले क्षार आणि नायट्रेट तळ्यातच राहतात. आणि आपण भरतो ते बोअरचं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीने आमच्या बोअरचं पाणी तपासलं तर नायट्रेट 50 मिलिग्रॅमच्या रंगाला जाऊन भिडलं. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. चहूबाजूंनी ऊस आणि त्याला युरिया, तेव्हा बोअरमध्ये दुसरं काय येणार. म्हणजे पाणी कमी झालं म्हणून मी रोज सव्वा बादली पातळ खत तळ्यात ओतत होते.

पावसाळ्यात छताचं पाणी साठवता आलं तर तेच भरा. पहिले दोन पाऊस वाहून जाऊ द्या, छतावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा धुऊन निघते, मग टाकीत घ्या. त्यात नायट्रेट नगण्य असतं. आमची हजार लिटरची टाकी एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरते. ती संपली की बोअरचंच भरावं लागतं, पण आता पद्धत बदलली आहे. आठवड्यातून एकदा तळाजवळचं शंभर-सव्वाशे लिटर पाणी नळीने काढून आंब्याला आणि केळीला द्यायचं, आणि मग नवं भरायचं. जुनं थोडं काढत राहिलं तर नायट्रेट साचत जात नाही. केळीला तर हे पाणी फारच मानवतं.

तुमच्याकडे नगरपालिकेचं नळाचं पाणी असेल तर ते उघड्या पिंपात किमान 24 तास ठेवून मगच घाला, म्हणजे क्लोरीन उडून जातं. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना भाजतं आणि तळ्यातल्या उपयोगी जिवाणूंना मारतं.

इथेच एक शंका मिटवून टाका. पातळी बाष्पीभवनाने उतरतेय की कागद फाटलाय? तळ्यातल्या पायरीवर किंवा विटेवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी खडूने खुणा करून घ्या, पंप बंद ठेवा आणि एका दिवसाने बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ऊन. तळ्यात जास्त उतरलं तर गळती, आणि ती बहुतेक वेळा काठाजवळ, दगडाखाली कागद दबून खाली सरकला असेल तिथे असते.

पहिला पाऊस: वाफ्यातलं शेणखत

तळ्याच्या वरच्या अंगाला गुलाबाचा वाफा होता. मे महिन्यात त्यात शेणखत घालायचं आणि जूनमध्ये पावसाने त्यातलं अर्धं तळ्यात नेऊन सोडायचं. हे तर डोळ्यांसमोर होतं. तळ्याच्या कडेचे दगड जमिनीच्या पातळीत बसवले की दिसतं सुंदर, पण अंगणाचं सगळं पाणी आत येतं. काठ जमिनीपेक्षा चार बोटं तरी उंच हवा. आमचा नव्हता, म्हणून वरच्या बाजूने विटांची एक ओळ बसवली आणि पाण्याला बाहेरून चर काढून दिला. ज्यांचं तळं अजून व्हायचंय त्यांनी हे खोदतानाच करून घ्या. नंतर सगळे दगड उचलावे लागतात.

लिलीच्या कुंडीचंही तसंच. मी कुंडीत इतर झाडांसारखं शेणखत आणि गांडूळखत मिसळलं होतं. ते पाण्यात विरघळणारच. लिलीला शेतातली साधी चिकण माती पुरते, वर दोन बोटं जाड धुतलेली वाळू किंवा बारीक खडी. खत द्यायचंच तर थोडं वर्तमानपत्रात गुंडाळून कुंडीत खोल, मुळांपाशी खुपसा.

गणपती

हे लिहिताना थोडा संकोच वाटतोय, पण लिहायला हवं, कारण शाडूची मूर्ती घरच्या घरी विसर्जन करणं आता पुष्कळांनी सुरू केलं आहे आणि ते चांगलंच आहे. आम्हीही तळ्यातच विसर्जन करत होतो. शाडू तळाशी बसतो, त्याचं फारसं काही नाही. पण मूर्तीबरोबर हार, दूर्वा, कुंकू, आणि आरतीनंतरचं पंचामृत. दूध, दही आणि साखर तेराशे लिटर साचलेल्या पाण्यात म्हणजे जिवाणूंना मेजवानी. दोन दिवसांत वास येतो, मासे वर येऊन हापायला लागतात, आणि आठ दिवसांनी हिरवा रंग चढतो.

आता विसर्जन मोठ्या घमेल्यात करतो. घमेलं तळ्याच्या काठावरच ठेवतो. मूर्ती विरघळली की ते पाणी आणि माती पारिजातकाला. निर्माल्य खतखड्ड्यात.

रोजचं खाणं

हे तीन काळ आवरले तरी बशी चाळीस सेंटिमीटरपेक्षा खोल दिसेना. तेव्हा मी आठवडाभर नुसतं बघत बसले की माशांना दिवसातून किती वेळा खायला मिळतं. सकाळी पूजा झाली की आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, कणकेच्या गोळ्या घालायचे. दुपारी मी माशांच्या खाद्याचे दाणे घालायचे. संध्याकाळी शेजारची मुलं येऊन कोणी बिस्कीट, कोणी मुरमुरे.

कणकेची गोळी माशाने अर्धी खाल्ली की उरलेली खाली जाते आणि कुजते. माशाने खाल्लेलीही शेवटी अमोनिया होऊन पाण्यातच येते. जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट शैवालाच्या तोंडी.

अण्णांना खायला घालू नका म्हणून सांगणं मला शक्य नव्हतं. माशांना कणीक घालणं हे त्यांच्या आईपासून चालत आलेलं आहे. मी त्यांना बशी दाखवली, गाठी मोजून दाखवल्या आणि म्हटलं, "अण्णा, तुम्ही घालता ते सगळं त्यांच्या पोटात जात नाहीये. खाली जाऊन कुजतंय." ते काठावर वाकून बराच वेळ तळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग किती घालू ते सांग. उगीच त्या जिवांना त्रास नको."

तेव्हापासून हिंगाची एक रिकामी डबी आहे. दिवसाला तेवढी एकच डबी दाणे, आणि ते अण्णांच्याच हातून, सकाळी पूजेनंतर. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच. शनिवारी त्यांचा उपास असतो, त्या दिवशी माशांचाही. मुलांना त्यांनीच समजावलं. ज्या घरात मासे हा कोणाचा तरी नेम असतो तिथे बंदी घालू नका, माप द्या.

मासे कोणते आणि किती, हाही प्रश्न यातलाच. एवढ्या तळ्यात कोई ठेवू नयेत, ते फुटाफुटाने वाढतात. आमच्याकडे दोन गोल्डफिश आणि बाकी गप्पी आहेत. डासांसाठी गप्पी पुरेसे. अनेक ठिकाणी नगरपालिकेचा मलेरिया विभाग ते फुकट देतो. हे मासे इथले नव्हेत, म्हणून जास्त झाले तरी ओढ्यात सोडू नका. ओढ्यातच मिळणारे, डोक्यावर चकचकीत पांढरा ठिपका असलेले छोटे मासे डासांच्या अळ्या तितक्याच आवडीने खातात, ते मिळाले तर उत्तम.

मोरचूद टाकू नका

दुसऱ्या वर्षी एका दुकानात मला सांगितलं गेलं की चमचाभर मोरचूद (कॉपर सल्फेट) विरघळवून टाका, तीन दिवसांत पाणी काचेसारखं. तीन दिवसांत खरंच झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तळ दिसत होता आणि मी सगळ्यांना बोलावून दाखवलं.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला दूध घ्यायला बाहेर आले तर तळ्याच्या पृष्ठभागावर तोंडंच तोंडं. सगळे मासे पाण्याच्या वरच्या रेषेला येऊन हवा गिळत होते. गोल्डफिश आडवे झाले होते, कल्ले जोरजोरात उघडमीट होत होते. उजाडेपर्यंत अकरा मासे गेले. दोन दिवसांनी गोगलगाई मेल्या आणि त्यांचा वास अंगणभर.

झालं होतं ते असं. सगळं शैवाल एकदम मेलं आणि एकदम कुजलं. कुजवणाऱ्या जिवाणूंनी पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला. आधीच उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, 30 अंशांना साडेसातच. त्यात पहाट ही सगळ्यात वाईट वेळ, कारण रात्रभर प्रकाश नसतो आणि पाण्यातली हिरवळही श्वास घेत असते. शिवाय मोरचुदातलं तांबं माशांच्या कल्ल्यांना आणि गोगलगाईंना थेट विषारी आहे. ते नाहीसं होत नाही, गाळात बसून राहतं. आणि मेलेलं शैवाल हेच पुढच्या शैवालाचं खत, म्हणून महिन्याभरात पाणी पहिल्यापेक्षा गडद हिरवं झालं.

औषध न टाकताही गडद हिरव्या तळ्यात पहाटे हे होऊ शकतं. मासे तोंड वर काढून हापताना दिसले तर वाट बघू नका. पंप चालू करा, त्याची धार उंचावरून पडेल अशी धरा. पंप नसेल किंवा वीज गेली असेल तर तांब्याने किंवा बादलीने तळ्याचंच पाणी उचलून दोन फुटांवरून पुन्हा आत ओतत राहा, अर्धा तास तरी. साठवलेलं, क्लोरीन गेलेलं पाणी हाताशी असेल तर चौथा हिस्सा बदला. त्या दिवशी खायला काही घालू नका.

तुरटी मोरचुदाइतकी वाईट नाही, पण ती शैवाल खाली बसवते, बाहेर काढत नाही. तळाला गेलेला तो थर पुन्हा खतच होतो. अतिनील दिव्याचं यंत्र मात्र एकपेशीय शैवालावर खरोखर चालतं. पंपाचं पाणी दिव्यासमोरून गेलं की पेशी मरतात, एकमेकींना चिकटतात आणि गाळणीत अडकतात. फक्त ते पाण्यातलं खाणं कमी करत नाही, दोऱ्याच्या शेवाळावर त्याचा परिणाम नाही, आणि नळी उजळत असली तरी वर्षभरात तिचा जोर जातो. पैसे असतील तर घ्या, पण आधी वर सांगितलेल्या खाण्याच्या वाटा बंद करा.

पाणी नितळ ठेवतो तो बुळबुळीत थर

मी दर उपशाला काथ्याने कागद घासून चकाचक करत होते. त्या बुळबुळीत थरातच अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात. त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मी दर महिन्याला ती पुसून टाकत होते. तळं नवं असेल तर पहिला महिना-दीड महिना पाणी हिरवं होणारच. तेव्हा काहीही न करणं हाच उपाय आहे, आणि तोच सगळ्यात अवघड जातो.

जिवाणूंना जास्त जागा द्यायची म्हणून गाळणी. आमची रंगाच्या वीस लिटरच्या बादलीची आहे. खाली फुटक्या विटांचे तुकडे, वर स्पंजाचे दोन थर, पंपाचं पाणी खालून येतं आणि वरच्या नळीने बाहेर पडतं. पंप असा घ्या की दोन तासांत अख्ख्या तळ्याचं पाणी एकदा फिरेल. आमचा अठरा वॅटचा आहे. पूर्वी मी तो रात्री बंद करायचे. हिशोब केला तर चोवीस तास चालवूनही महिन्याला तेरा युनिट होतात. रात्री पंप बंद म्हणजे गाळणीतले जिवाणू प्राणवायूविना गुदमरतात आणि माशांनाही नेमका पहाटे प्राणवायू कमी पडतो. बंद करू नका. आणि स्पंज धुवायचा तो तळ्यातल्याच पाण्याच्या बादलीत, नळाखाली कधीच नाही.

गाळणीतून बाहेर पडणारं पाणी आता सरळ तळ्यात जात नाही. काठावर सिमेंटच्या एका उथळ टोपल्यात खडी भरली आहे, त्यात कर्दळ, अळू आणि वाळा लावलाय. माती अजिबात नाही. पाणी खडीतून झिरपत तळ्यात पडतं आणि ही झाडं त्यातलं नायट्रेट मुळांनी ओढून घेतात. पहिल्या पावसाळ्यात अळूची पानं ताटाएवढी झाली, त्यावरूनच कळलं की तळ्यात किती खत मुरलेलं होतं. पण एक करायला हवं: पानं वेळेवर कापून बाहेर न्यायची. कापली नाहीत तर ती तिथेच सुकतात आणि घेतलेलं सगळं पाण्याला परत करतात. मोरचुदाचं तांबं गाळात शिल्लक असेल म्हणून हा अळू आम्ही वडीला घेत नाही, खतात टाकतो.

जलपर्णी हेच काम याहून वेगाने करते, आणि म्हणूनच ती लावायला मी सांगणार नाही. पुण्याच्या मुळा-मुठेवर आणि पवनेवर दर उन्हाळ्यात जो हिरवा गालिचा दिसतो तो तिचाच. कोणाकडे आधीपासून असेल तर जास्तीची झाडं उन्हात वाळवून खतात घाला, ओढ्याच्या जवळपासही टाकू नका. त्यापेक्षा लिलीची पानं पसरू द्या. पाण्याचा निम्म्याहून थोडा जास्त भाग पानांनी झाकला गेला की खाली ऊनच कमी पोचतं.

यातलं काय आधी करायचं असं कोणी विचारलं तर मी सांगेन: आज माशांचं खाणं मोजा आणि उपसा थांबवा. या रविवारी बशी सोडा. आणि शैवाल दिसलं तरी सहा आठवडे हात आवरा. आमच्या आकड्यांत पहिले तीन रविवार काहीच फरक नव्हता: बारा, बारा, चौदा. चौथ्याला एकवीस. मग एका पंधरवड्यात पस्तीस. पुढे नेट, विटांची ओळ, डबी आणि खडीतला अळू असं एकेक करत गेलो तशी बशी आणखी खोलवर दिसत गेली. यंदा होळीनंतरचा तिसरा रविवार परवाच झाला. नेट अजून ताणलेली होती, अण्णा काठावर खुर्ची टाकून बसले होते. बशी साठ सेंटिमीटरवर तळाला टेकली आणि तिच्या काठावरची निळी नक्षी वरून दिसत होती.